काशाच्या वाटीचा रंग आणि आमचा फसलेला फलक

रंगावर लेख आणि तोही इंजिनिअरिंगच्या अंकात, हे पाहून काहीजण पान उलटतील. उलटण्याआधी एक प्रसंग ऐका.

आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुते सोडते, माळशिरसला मुक्काम करते आणि पुढे वेळापूरला जाते. मुक्कामाच्या दिवशी आम्ही होस्टेलच्या काही पोरांनी वारकऱ्यांसाठी पाय चोळून द्यायचा स्टॉल लावला होता. तेल, काशाच्या वाट्या, थोडं मलम-पट्टीचं सामान. फलक करायचं काम माझ्याकडे, कारण मला म्हणे 'कॉम्प्युटरवरचं डिझाइन' येतं. मी वाटीकडे बघूनच रंग निवडला. मधासारखा, पितळेकडे झुकणारा, ऊबदार. त्यावर पांढरी अक्षरं. स्क्रीनवर इतका झकास दिसला की रूममधल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

संध्याकाळी पिवळ्या बल्बच्या उजेडात एक आजी बरोब्बर फलकासमोर उभ्या राहिल्या आणि मलाच विचारतात, "बाळा, पाय चोळून देत्यात ती पोरं कुठं हायती?"

"आजी, हितंच की. वर लिवलंय बघा."

"लिवलंय व्हय? मला तर नुसती भिंतच दिसाय लागली."

त्या आजींच्या टाचांना भेगा होत्या आणि आमचा स्टॉल शोधत त्या दोन चकरा मारून आल्या होत्या. चूक माझी होती. ती कुठे झाली हे शोधता शोधता हा लेख झाला.

आधी हा रंग म्हणजे काय ते बघू. आपल्या भाषेत त्याला एक नाव नाही, बरीच आहेत: पितळी, तांबूस, मधाळ, काकवीसारखा. कासे म्हणजे तांबे आणि कथील, पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, हे मटेरियल सायन्सवाल्यांना सांगायला नको. दोन्हींत तांबे निळा प्रकाश शोषतं आणि लाल-पिवळा परत पाठवतं, म्हणून ही ऊब. इंद्रधनुष्यात मात्र हा रंग शोधून सापडणार नाही. तपकिरी किंवा कांस्य हा खरं तर अंधारलेला नारिंगी आहे. प्रयोग करा: काळ्या कागदाची नळी करून तपकिरी कागदाच्या उजेडातल्या तुकड्याकडे बघा, आजूबाजूचं काही दिसू देऊ नका. तो नारिंगी वाटायला लागतो. म्हणजे हा रंग शेजाऱ्यांच्या जिवावर जगतो. शेजारी चुकला की रंग चुकला.

आपल्या तालुक्यात तर या रंगाचा अभ्यास पोत्यापोत्याने चालतो. उसाचा रस कढईत आटत ११५ ते ११८ अंशांपर्यंत गेला की गूळ होतो आणि साखर तापून, जळून मधाळ रंग चढतो. गुळाचा रंग फिका दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर टाकणारे आहेत, कारण गिऱ्हाईक फिका गूळ 'स्वच्छ' समजतं. रंग माणसाला कसा फसवतो याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. कारखान्यात उलट. तिथे हा रंग दोष. साखरेच्या पोत्यावर एस-३०, एम-३० लिहिलेलं असतं, त्यात अक्षर दाण्याच्या आकाराचं आणि आकडा रंगाच्या प्रतीचा. प्रयोगशाळेत इक्युम्सा पद्धतीने रंग मोजताना ४२० नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळ्याकडचा प्रकाश द्रावणातून सोडतात. तो जितका जास्त शोषला जाईल तितकी साखर पिवळी. तांब्याची आणि गुळाची कारणं वेगळी, पण निळा खाऊन टाकायची खोड तीच.

आता माझ्या फलकाकडे. स्क्रीनवर मी घेतलेला कांस्य असा होता: लाल २०५, हिरवा १२७, निळा ५०. दोन रंगांच्या उजळपणातला फरक मोजायचं एक सूत्र वेबसाइटवाले वापरतात. पांढऱ्यावर काळं लिहिलं तर ते २१ येतं, पांढऱ्यावर पांढरं तर १. साध्या मजकुराला किमान ४.५ हवं, मोठ्या अक्षरांना ३ चालतं. माझ्या फलकाचं गणित केलं तर आलं ३.१. अक्षरं वीतभर होती, म्हणून मी म्हणालो असतो की पास. पण रस्त्याच्या पलीकडून वीतभर अक्षर डोळ्याला मुंगीएवढंच दिसतं. त्यात वरून पिवळा बल्ब. पिवळ्या उजेडात निळा भाग जवळजवळ नसतोच, आणि कांस्य जे परत पाठवतो तेच नेमकं त्या उजेडात भरपूर असतं. म्हणजे पार्श्वभूमी उजळली, पांढरी अक्षरं पिवळी पडली आणि ३.१ सुद्धा उरलं नाही. आजींचे डोळे बरोबर होते.

याच रंगावर काळी अक्षरं घेतली असती तर आकडा ६.७ आला असता! पांढरीच हवी होती तर रंग गडद करायचा: लाल १३९, हिरवा ८६, निळा ३०. मग पांढऱ्याशी फरक सहाच्या आसपास जातो. शुद्ध मधाळ पिवळा (२५५, १९१, ०) घेतलात तर पांढऱ्या अक्षरांचा विचारही करू नका, तिथे १.७ सुद्धा भरत नाही.

छपाईचा घोळ वेगळाच. स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते, फ्लेक्स फेकत नाही. छापताना हा रंग पिवळ्या आणि किरमिजी शाईतून होतो, त्यात निळी आणि काळी चिमूटभर. ती निळी जरा जास्त पडली की कांस्याचं शेवाळ होतं. आमच्या फलकाचा एक कोपरा तसाच निघाला होता. छापणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, नमुना छापून बघायचे पैसे मीच वाचवले होते.

आणखी एक चूक बहुतेक पोस्टरांत दिसते. धातू दाखवायचा म्हणून लोक सपाट कांस्य रंग भरतात आणि वर पांढरी चकाकी टाकतात. त्याने प्लॅस्टिकचा डबा होतो. प्लॅस्टिकवरची चकाकी पांढरी असते, तांब्याच्या धातूवरची चकाकी धातूच्याच रंगाची. म्हणून उजळ बाजू फिकट पिवळ्याकडे न्यायची, सावली काळ्याकडे न नेता लालसर तपकिरीकडे. खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढून खिडकीशी धरा. बाहेरचं कडं अॅल्युमिनिअम ब्राँझचं आहे (तांबे ९२ टक्के), मधला भाग स्टीलचा. दोन्हींवरच्या चकाकीचा रंग शेजारी शेजारी बघायला मिळतो, आणि तेही फुकट. ऊबदार रंगाला थंड शेजारी दिला की दोन्ही कसे उठून दिसतात तेही त्यातच कळतं.

तसाच शेजारी कॉम्प्युटरवर हवा असेल तर गडद नीळ घ्या (१६, २८, ५१). त्यावर माझा जुना कांस्य पाचाच्या वर फरक देतो आणि देखणाही दिसतो. ग्राफमध्ये मात्र कांस्य आणि शेवाळी हिरवा एकत्र नको. ज्यांना लाल-हिरवा भेद कळत नाही त्यांना दोन्ही रेषा एकच दिसतात, आणि असा एखादा मित्र वर्गात असतो, फक्त तो सांगत नाही.

नवा फलक आम्ही केलाय. जमीन गडद नीळ, अक्षरं मोठी आणि पांढरी, 'मोफत पाय चोळून मिळतील' एवढंच. काशाची वाटी कोपऱ्यात, चित्र म्हणून. या वेळी आधी हातभर तुकडा छापून घेतला आणि रात्री मेसच्या मागे पिवळ्या बल्बखाली टांगला. तीस पावलांवरून मेसच्या मावशींनी चष्म्याशिवाय वाचून दाखवला. वर विचारलं, "आमचे पाय कधी चोळणार?"