सोडवणारा नातलग

वाचन : लेवीय 25:47-49; इब्री 2:14-15

‘खंडणी भरून सोडवणे’ म्हणजे काय, हे बदलापूर-अंबरनाथकडच्या कातकरी वाड्यांवर समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते ते उचल घेऊन. पावसापूर्वी ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. बाप वारला, तर मुलाच्या नावावर. (1976 च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द झाले आहे, हेही वाडीवर सांगत राहावे.)

लेवीय ग्रंथात, गरिबीमुळे स्वतःला विकलेल्याला सोडवण्याचा हक्क त्याच्या भावाला, चुलत्याला, चुलतभावाला आहे. सोडवणारा रक्ताचा हवा. इब्री लोकांस पत्र वाचताना मला हेच आठवते : येशू आपल्यासारखाच रक्तमांसाचा झाला, आणि मरणाच्या भयाने जन्मभर दास्यात असलेल्यांना त्याने मुक्त केले. दास्य आले ते भयातून, हे नीट वाचा.

पुनरुत्थानाची आशा खरीच. पण दुःखाच्या घरी ‘स्वर्गात भेट होईल’ एवढे बोलून आपण उठतो. मागाहून मुकादम वही घेऊन येतो, तेव्हा त्या विधवेशेजारी कोण बसणार, हे मंडळीने आधीच ठरवावे.