इवलासा मासा, सूक्ष्म गळ

प्रस्तावना

मासेमारी म्हटली की भरलेली नदी, ताणलेला दोरा आणि गळाला लागलेला वजनदार मासा डोळ्यांसमोर येतो. ज्याचा मासा मोठा, त्याचे कौशल्य मोठे, असा सर्वसाधारण समज आहे. जपानमधील एका जुन्या छंदाने मात्र हे माप उलटे केले आहे. तेथे अगदी लहान मासा पकडणे हीच कौशल्याची कसोटी मानली जाते. या छंदाचा आणि त्यामागील नाजूक निसर्गसाखळीचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• तानागो मासेमारीचे वेगळेपण सांगता येईल;
• मासा आणि शिंपला यांचे परस्परावलंबन स्पष्ट करता येईल;
• छंद आणि निसर्गरक्षण यांच्या नात्याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

गोड्या पाण्यातील लहान माशांच्या एका समूहाला जपानमध्ये ‘तानागो’ म्हणतात. आपल्याकडील रोहू आणि कटला ज्या गणात मोडतात, त्याच गणातील हे मासे. परंतु रोहू हातभर वाढतो, तर बहुतेक तानागो पूर्ण वाढ झाल्यावरही बोटाएवढेच राहतात. संथ ओढे, शेतांचे कालवे आणि तळी हे त्यांचे घर. एदो म्हणजे आजचे टोकियो. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या वर्षांत, या शहराच्या परिसरात तानागो पकडणे हा एक आवडता छंद बनला.

या छंदाची साधने माशाला साजेशीच असतात. काठी बांबूची, आखूड आणि हलकी. तिचे छोटे तुकडे एकमेकांत बसवून ती जोडतात. गळ तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. माशाचे तोंड इतके चिमुकले की तयार गळाचे टोकही त्याला जाड पडते. म्हणून छंदिष्ट माणूस भिंगाखाली गळ धरून त्याचे टोक घासून बारीक करतो. अंड्याचा पिवळा बलक पिठात मळून आमिष तयार करतात आणि त्याचा कणभर भाग गळाला लावतात. मोठ्या माशाप्रमाणे तानागो हिसका देत नाही. दोऱ्यावरची चिमुकली तरंगती खूण किंचित थरथरते, एवढाच त्याचा निरोप! वाऱ्याने हललेली खूण कोणती आणि माशाने हलविलेली कोणती, हे ओळखण्यासाठी नजर आणि मन दोन्ही स्थिर ठेवावे लागते. या स्थिरतेतच या छंदाचे खरे सुख आहे. जपानच्या एक येन नाण्याचा व्यास २० मिलिमीटर असतो. त्या नाण्यावर मावेल असे पिल्लू गळाला लागले, तर दिवस सार्थकी लागला असे मानतात.

विणीच्या हंगामात नर तानागोच्या अंगावर गुलाबी, निळसर, हिरवट छटा उमटतात. मादीला एक लांब, नाजूक नळी फुटते. या नळीने ती आपली अंडी जिवंत शिंपल्याच्या कल्ल्यांत घालते. शिंपल्याच्या कवचाआड अंडी उबतात आणि पिल्ले पोहण्याजोगी झाल्यावर बाहेर पडतात. दुसरीकडे, शिंपल्याची सूक्ष्म पिल्लेही काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. अशा रीतीने मासे शिंपल्यावाचून आणि शिंपले माशांवाचून टिकू शकत नाहीत.

हीच साखळी आज ठिकठिकाणी तुटली आहे. कालव्यांचे तळ सिमेंटने बांधले गेले, गाळ नाहीसा झाला आणि गाळात राहणारे शिंपले मेले. शिंपले गेले तेथे तानागोही गेले. १९४० च्या दशकात चीनमधून दुसऱ्या माशांच्या पिल्लांबरोबर तानागोचीच एक परकी जात जपानमध्ये आली. तिचा स्थानिक जातीशी संकर होऊन मूळ जात दुर्मीळ झाली. मियाको तानागो आणि इतासेनपारा या दोन जातींना १९७४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला. त्यांना पकडण्यास मनाई आहे.

त्यामुळे या छंदाला आता केवळ हाताचे कसब पुरत नाही. गळाला लागलेला बोटभर जीव कोणत्या जातीचा आहे, हे परांवरून आणि रंगांवरून ओळखता यावे लागते. मासा क्षणभर पाहून सोडावा. परंतु तो जेथे पकडला त्याच पाण्यात सोडावा. दयेपोटी दुसऱ्या तळ्यात सोडलेला एक मासाही तेथील मूळ जातीवर संकट आणू शकतो. ज्याला लहानात लहान माशाचे मोल कळते, त्यालाच ओढ्याच्या तळाशी असलेल्या शिंपल्याचेही मोल कळते.

शब्दार्थ

कल्ले – माशाचे व शिंपल्याचे श्वसनाचे अवयव
आमिष – गळाला लावलेले खाद्य
संकर – दोन भिन्न जातींचे मिश्रण
परस्परावलंबन – एकमेकांवर विसंबून असणे

पाठान्त प्रश्न

१. तानागो पकडताना गळाचे टोक का घासावे लागते?
२. कालव्यांना सिमेंटचा तळ केल्याने तानागो का नाहीसे झाले?
३. ‘पकडलेला मासा त्याच पाण्यात सोडावा’ या विधानामागील कारण स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील ओढ्यात किंवा तळ्यात आढळणाऱ्या लहान माशांची स्थानिक नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.