तलावावर सहलीला जाताना

सुट्टी लागली की वस्तीतून गाडी भरून नवेगावबांधला किंवा इटियाडोहला सहल निघते. आम्हीही लेकराबाळांसह जातो, म्हणूनच हे लिहीत आहोत.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील हे तलाव पोहण्यासाठी नव्हे, शेतीच्या पाण्यासाठी बांधले गेले. काठाशी गुडघाभर पाणी असले तरी दोन पावलांवर ते एकदम खोल असू शकते. तळाच्या गाळात पाय रुततो. पाणी सोडण्याच्या दाराजवळ ओढ असते. तिथे मुळीच उतरू नये.

बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. श्वासच पुरत नाही, तर हाक कशी मारणार? म्हणून लहान मूल हाताच्या अंतरावर ठेवावे. एका मोठ्या माणसाने मोबाईल बाजूला ठेवून फक्त मुलांकडे पाहावे. दारू पिऊन कोणीही पाण्यात उतरू नये.

कोणी बुडू लागले तर घाईने मागे उडी घेऊ नये; एकाऐवजी दोन जीव जातात. काठावरूनच दोर, साडी, बांबू किंवा झाकण लावलेला रिकामा डबा द्यावा.

बाहेर काढल्यावर उलटे टांगू नये, पोट दाबू नये; त्यात मोलाचा वेळ जातो. एकाने 108 ला फोन करावा. श्वास चालत नसेल तर दुसऱ्याने उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडाने 2 श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी भराभर 30 वेळा दाबावे, पुन्हा 2 श्वास. मदत येईपर्यंत थांबू नये. शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यावेच.

पुढच्या सहलीच्या डब्यांसोबत एक लांब दोरही घ्या.