गेरूच्या कुंडीत बुडबुडे का येत नाहीत?

पाण्याचे विद्युत अपघटन शिकवीत असता आम्ही सहज बोलून गेलो, की काही धातूंची ऑक्साइडे प्रकाशाच्या बळावर पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन करू शकतात. लोहाचे ऑक्साइडही त्यांतलेच. तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला : "सर, गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइडच ना? मग गेरू लावलेल्या कुंडीत पाणी भरून उन्हात ठेवले तर बुडबुडे का येत नाहीत?" ऊन पुरत नसेल, असे सांगून आम्ही तास पुढे नेला. ते उत्तर चुकीचे होते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते दुरुस्त करीत आहोत.

जपानचे केनिची होंडा आणि त्यांचे विद्यार्थी अकिरा फुजिशिमा यांचा शोधनिबंध १९७२ साली 'नेचर'मध्ये आला. पाण्यातील टायटॅनिअम डायऑक्साइडवर प्रकाश पडताच तेथे ऑक्सिजन आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन निर्माण होतो, असे त्यांनी दाखविले. आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगात असते तेच हे ऑक्साइड. मात्र पांढरेपणा हीच त्याची उणीव : दृश्य प्रकाश ते परत फेकते. त्याला लागतात ते अतिनील किरण, आणि उन्हाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम विसावा. गेरू तांबडा दिसतो, कारण तो निळा-हिरवा प्रकाश शोषतो. तेव्हा अडचण उन्हाची नव्हेच.

अडचण पृष्ठभागाशी आहे. प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉन वर उडतो व मागे रिकामी जागा उरते. तिला 'होल' म्हणतात. या होलने पृष्ठभागापर्यंत येऊन पाण्याकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा असतो. गेरूतील होल काही नॅनोमीटरच सरकते आणि बहुधा वाटेतच इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसे होते. जे पोहोचते त्याचेही काम सोपे नाही. पाण्यात बुडालेल्या ऑक्साइडच्या धातू-अणूंना पाण्याचे रेणू चिकटतात. काही दुभंगून हायड्रॉक्सिल गट बनतात. ऑक्सिजनचा एकच रेणू सुटण्यासाठी तेथून एकामागून एक चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात. पुढचे होल यायला उशीर झाला, की अर्धवट झालेली क्रिया उलटते. शिवाय गेरूतल्या इलेक्ट्रॉनपाशी हायड्रोजन बनविण्याइतकी ऊर्जा नसते. बाहेरून विद्युतदाब द्यावा लागतो. कुंडीला तो कोण देणार?

कोणी म्हणेल, वसईच्या खाडीचे पाणी घ्यावे. पण खाऱ्या पाण्यातील क्लोराइड मध्येच इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होते व ऑक्सिजनऐवजी क्लोरीन निघू शकतो. मिठागरांच्या परिसरात राहणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

जपानमधील काझुनारी डोमेन यांच्या गटाने २०२० साली स्ट्राँशिअम टायटेनेटच्या कणांवर ही कामे वाटून दिली : एका बाजूस हायड्रोजनसाठी ऱ्होडिअम, दुसऱ्या बाजूस ऑक्सिजनसाठी कोबाल्ट. ऱ्होडिअमवर क्रोमिअम ऑक्साइडचे पातळ कवच चढविले. ते ऑक्सिजनला आत येऊ देत नाही, त्यामुळे सुटलेले वायू तेथे पुन्हा पाणी होत नाहीत. ठरावीक अतिनील प्रकाशात शोषलेला जवळजवळ प्रत्येक प्रकाशकण कामी आला. पुढे याच जातीच्या पदार्थाचे १०० चौरस मीटरचे फलक उघड्या उन्हात मांडले, तेव्हा सूर्याच्या ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरली ती जास्तीत जास्त ०.७६ टक्के. तोही पदार्थ पांढराच आहे. गेरूसारखा रंग आणि असा पृष्ठभाग एकत्र आणण्याचे काम अजून शिल्लक आहे. मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याला आम्ही आता एवढेच सांगू.