कॅमकॉर्डरच्या पडद्यावरील मांडणी व सूचक चिन्हे : सिल्वासा परिसरातील चित्रमुद्रणाच्या अनुषंगाने

चित्रग्राहक व मुद्रक ही दोन यंत्रे एकाच कवचात बसविलेला कॅमकॉर्डर सन १९८३ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आला. १९९५ नंतर अंकीय पद्धतीची लहान फीत प्रचारात आली, आणि त्यानंतरच्या दशकात फितीची जागा मेमरी कार्डाने घेतली. आज हातातील मोबाईलनेच चित्रण करण्याकडे कल असला, तरी अनेक कार्यालये, शाळा व संग्रहालये यांच्या कपाटांत फितीवर चालणारे व कार्डावर चालणारे असे दोन्ही प्रकारचे कॅमकॉर्डर आढळतात. जुन्या फितींवरील मुद्रण नव्या माध्यमात उतरवून घेण्यासाठीही हीच यंत्रे वापरावी लागतात. त्यांच्या पडद्यावर उमटणारी चिन्हे वाचता येणे म्हणूनच अजून गरजेचे आहे.

दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा आणि त्याला लागून असलेले पालघर जिल्ह्यातील तलासरी, डहाणू, जव्हार व मोखाडा हे तालुके यांच्यामध्ये राज्याची सीमा असली, तरी वारली व कोकणा समाजांचे सण, वाद्ये व नृत्ये दोन्ही बाजूंस सारखीच आहेत. भोपळा, बांबू व ताडाचे पान यांपासून बनविलेल्या तारप्याच्या सुरावर रात्र रात्र चालणारे नृत्य, मुखवटे धारण करून एकामागून एक सोंगे आणणारा बोहाडा, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झाले त्या दिवसाच्या स्मरणाचा दरवर्षीचा समारंभ, हे या परिसरातील चित्रमुद्रणाचे नेहमीचे विषय होत. यांतील एकही प्रसंग चित्रणासाठी दुसऱ्यांदा घडवून आणता येत नाही. बोहाड्यातील एखादे सोंग येऊन गेले की ते पुन्हा पाहण्यास पुढील वर्षाची वाट पाहावी लागते. मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या सुधीर फडके यांचे २००२ मध्ये व बाबासाहेब पुरंदरे यांचे २०२१ मध्ये निधन झाले. त्या पिढीतील ज्यांच्या आठवणी नोंदवून घेता येतील अशी माणसे आता अगदी थोडी उरली आहेत. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या चिन्हाकडे दुर्लक्ष झाले, तर होणारी हानी यंत्राच्या किमतीत मोजता येण्यासारखी नसते.

पडदा दाखवितो ते आणि मुद्रित होते ते

कॅमकॉर्डरच्या यादीतील व्यवस्थांचे दोन वर्ग पडतात. काही व्यवस्था केवळ पडद्यापुरत्या असतात. मुद्रित होणाऱ्या चित्रावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. काही व्यवस्था मात्र प्रत्यक्ष चित्र बदलतात. दोन्ही प्रकार एकाच यादीत शेजारी शेजारी दिलेले असल्याने नवख्या चालकाचा गोंधळ होतो, आणि बहुतेक बिघडलेल्या चित्रणाचे मूळ या गोंधळात सापडते.

पडद्याची उजळता हे याचे ठळक उदाहरण होय. भर दुपारी उघड्या मैदानात पडद्यावरचे चित्र दिसेनासे होते, म्हणून चालक उजळता वाढवितो. ते योग्यच आहे. परंतु सायंकाळी तारपा सुरू होतो तेव्हा पडदा तसाच उजळ राहिलेला असतो. अंधारात तो डोळ्यांना अधिकच झगझगीत वाटतो, चित्रात भरपूर प्रकाश आहे असा समज होतो, आणि चालक एक्स्पोजर कमी करतो. घरी आल्यावर दूरचित्रवाणी संचावर पाहावे तर नर्तकांच्या केवळ काळ्या आकृत्या फिरताना दिसतात. पडद्याने येथे खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही. त्याला जे विचारावयास नको होते ते त्याला विचारले गेले. पडद्याची उजळता दर कार्यक्रमापूर्वी मधल्या स्थानावर आणून ठेवावी, आणि प्रकाशाचा निर्णय तिच्यावर कधीही सोपवू नये.

तो निर्णय करण्यासाठी अनेक यंत्रांत तिरप्या पट्ट्यांची सोय असते. चित्रातील जो भाग ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उजळ असेल, त्यावर पडद्यावर चट्टेरी पट्ट्या उमटतात; त्या मुद्रित होत नाहीत. मर्यादा १०० वर ठेवली असता, ज्या भागातील तपशील पांढऱ्यात बुडून जाणार तेवढ्यावरच पट्ट्या दिसतात. मर्यादा ७० वर ठेवणे हे चेहऱ्यांसाठी असते, परंतु ते प्रमाण गोऱ्या कातडीवरून ठरलेले आहे. सावळ्या चेहऱ्यावर पट्ट्या दिसेपर्यंत भिंग उघडत गेल्यास मागील पांढरे धोतर व टोपी यांचा नुसता पांढरा डाग होतो. या परिसरात १०० ची मर्यादा अधिक सोयीची ठरते. बोहाड्यात टेंभ्याच्या ज्योतीवर पट्ट्या आल्या तर घाबरण्याचे कारण नाही. ज्योत पांढरी व्हावयाचीच. पाहावयाचे ते मुखवट्याकडे.

पडद्यामागील दिव्याची तीव्रता ही आणखी एक व्यवस्था. ती वाढविली की बॅटरी लवकर संपते. रात्रभराच्या चित्रणात बाजूचा पडदा मिटून व्ह्यूफाइंडरमधून पाहिल्यास त्याच बॅटरीवर अधिक वेळ काम होते. मात्र व्ह्यूफाइंडरचे नेत्रभिंग आपल्या दृष्टीप्रमाणे आधी जुळवून घ्यावे. ते न जुळविल्यास स्पष्ट चित्र अस्पष्ट वाटते आणि चालक विनाकारण फोकस बिघडवून बसतो. पडद्यावरील अक्षरे स्पष्ट दिसेपर्यंत नेत्रभिंग फिरवावे, ही सोपी खूण आहे. यंत्र बाजूस ठेवताना व्ह्यूफाइंडरचे तोंड सूर्याकडे राहू देऊ नये. तेच भिंग सूर्यकिरण एकवटून आतील लहान पडदा भाजून काढते.

मुलाखतीच्या वेळी काही चालक पडदा उलटा फिरवून बोलणाऱ्याच्या दिशेने करतात. ही पद्धत दोन कारणांनी टाळावी. वृद्ध माणसाचे लक्ष स्वतःच्या प्रतिमेकडे जाते व बोलण्याचा ओघ तुटतो. शिवाय आरशासारख्या त्या मांडणीत अनेक यंत्रांवर बरीचशी चिन्हे दिसतच नाहीत.

सावकाश लुकलुकणे व जलद लुकलुकणे

पडद्यावरील सर्वांत महत्त्वाची अक्षरे 'एसटीबीवाय' व 'आरईसी' ही होत. पहिली असता यंत्र थांबलेले असते, दुसरी असता मुद्रण चालू असते. हे इतके उघड आहे की सांगण्याचीही गरज वाटू नये. परंतु घाईत बटण दोनदा दाबले जाऊन नृत्याच्या वेळी यंत्र थांबलेले आणि चालताना मात्र मुद्रण चालू, असा उलटा प्रकार अनुभवी माणसांच्या हातूनही घडतो. बटण दाबल्यावर तांबडी खूण उमटली व वेळदर्शक आकडा पुढे सरकू लागला, या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय नजर पडद्यावरून हलवू नये.

धोक्याच्या चिन्हांची एक भाषा आहे. फितीवर चालणाऱ्या अनेक यंत्रांत एकच चिन्ह दोन गतींनी लुकलुकते, आणि गतीनुसार त्याचा अर्थ बदलतो. फितीचे चिन्ह सावकाश लुकलुकत असेल तर फीत ५ मिनिटांहून कमी उरली आहे, किंवा फीत बसविलेलीच नाही, अथवा कॅसेटची संरक्षक पट्टी बंद आहे, असे समजावे. तेच चिन्ह जलद लुकलुकू लागले तर फीत संपली. सावकाश लुकलुकणे म्हणजे तयारीला अजून अवकाश आहे; जलद लुकलुकणे म्हणजे काम थांबले आहे. बॅटरीचे चिन्ह काही मिनिटे शिल्लक असतानाच लुकलुकू लागते. ती मिनिटे सोंग पूर्ण होईपर्यंत ताणण्याचा मोह होतो, परंतु दोन सोंगांमधील अवकाशात बॅटरी बदलणे केव्हाही श्रेयस्कर. कार्डाच्या यंत्रात मुद्रण थांबविल्यावरही काही क्षण एक लहान दिवा पेटलेला राहतो. तो विझण्यापूर्वी बॅटरी काढल्यास नुकतेच झालेले मुद्रण निकामी होऊ शकते.

ध्वनीच्या दर्शक पट्ट्यांकडे बहुधा कोणीच पाहत नाही. तारपा वादक एकाच श्वासक्रमात सूर अखंड ठेवतो आणि वाद्याचा आवाज जवळून फार मोठा असतो. स्वयंचलित व्यवस्थेत यंत्र तो आवाज दाबते आणि त्याबरोबर नर्तकांच्या पायांचा ठेका व हाळी हीही दबतात. जेथे हाताने पातळी ठरविता येते तेथे सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबेलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी व पट्टीचे टोक तांबड्या भागात जाऊ देऊ नये. फाटलेला आवाज नंतर कोणत्याही उपायाने शिवता येत नाही.

दवाचे चिन्ह

या प्रदेशात सर्वाधिक लक्ष द्यावे असे चिन्ह पाण्याच्या थेंबाचे आहे. सिल्वासा परिसरात वर्षाला सरासरी २०० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या महिन्यांत. मुक्तिदिनाचा २ ऑगस्ट हा दिवस नेमका त्याच्या मध्यभागी येतो.

बाहेर तापमान ३० अंश सेल्सिअस व आर्द्रता ८५ टक्के असेल, तर हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर बाष्पाचे पाणी होऊ लागते. वातानुकूलित खोलीत २४ अंशांवर रात्रभर ठेवलेला कॅमकॉर्डर सकाळी ध्वजवंदनासाठी बाहेर काढला की नेमके हेच घडते. भिंगावर धुके जमते ते दिसते; आत जमलेले दिसत नाही. अंकीय फितीच्या यंत्रात एक लहान ढोल मिनिटास ९,००० फेरे या वेगाने फिरत असतो व फीत त्याला वेढून पुढे सरकते. ढोल ओला असेल तर फीत त्याला चिकटते, चुरगळते किंवा तुटते आणि ढोलावरील मुद्रणशीर्षही निकामी होऊ शकते. म्हणून थेंबाचे चिन्ह जलद लुकलुकू लागताच यंत्र आपण होऊन सर्व क्रिया बंद करते. फक्त कॅसेट बाहेर काढता येते.

त्या वेळी बटणे पुन्हा पुन्हा दाबून यंत्रास कामाला लावण्याचा प्रयत्न होतो. तसे करू नये. कॅसेट काढावी, यंत्र बंद करावे, कॅसेटचे झाकण उघडे ठेवून सुमारे एक तास कोरड्या खोलीत ठेवावे. केस वाळविण्याच्या यंत्राने किंवा दिव्याजवळ धरून ते तापवू नये. सकाळच्या समारंभात एक तास मिळणे शक्य नसते, तेव्हा खरा उपाय आदल्या दिवशीचा आहे. यंत्र व कोऱ्या फिती वातानुकूलित खोलीत न ठेवता साध्या खोलीत ठेवाव्यात. ते शक्य नसल्यास यंत्र घट्ट बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर न्यावे आणि आतील यंत्र बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी. पाणी मग पिशवीच्या बाहेरील बाजूस जमते, यंत्रावर नाही.

कार्डाच्या यंत्रात ढोल नसतो, त्यामुळे बहुतेकांत हे चिन्हही नसते. यावरून ती यंत्रे दवापासून सुरक्षित आहेत असे मात्र समजू नये. भिंगाच्या आतील बाजूस जमलेले धुके पडद्यावर नुसते फिकट चित्र म्हणून दिसते, आणि चालक एक्स्पोजरशी झगडत राहतो.

जुन्या फिती नव्या माध्यमात उतरवितानाही हीच दक्षता लागते. पावसाळ्यात कपाटातून काढलेली फीत लगेच यंत्रात घालू नये. चित्रात चौकोनी ठिकऱ्या दिसू लागल्या व आवाज तुटू लागला तर मुद्रणशीर्षे मळली आहेत असे समजून स्वच्छता-कॅसेट वापरावी, तीही निर्देशाइतकाच वेळ; ती शीर्षे घासते.

दिनांकाचे घड्याळ

कपाटात अनेक महिने पडून राहिलेल्या यंत्रातील घड्याळाची अंतर्गत बॅटरी उतरते. अनेक नमुन्यांत ती सुमारे तीन महिने टिकते. त्यानंतर यंत्र सुरू करताच पडद्यावर दिनांक विचारला जातो किंवा जुनाच दिनांक लुकलुकतो, आणि घाईत तो तसाच स्वीकारला जातो. नोंदसंग्रहाच्या दृष्टीने चुकीचा दिनांक हा दिनांक नसण्यापेक्षा वाईट. यंत्र सुमारे एक दिवस विजेच्या जोडणीवर ठेवल्यास ही बॅटरी पुन्हा भरते. म्हणून दौऱ्याच्या आदल्या दिवशी ते जोडून ठेवावे व घड्याळ लावावे. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत दिनांक चित्रावरच कायमचा उमटे. अंकीय यंत्रांत तो वेगळा नोंदला जातो व हवा तेव्हा दाखविता येतो, त्यामुळे चित्रावर उमटविण्याची सोय बंद ठेवण्यास हरकत नाही.

शेवटी सांकेतिक आकड्यांविषयी. सोनी कंपनीच्या अनेक नमुन्यांत बिघाड झाल्यास पडद्यावर एक अक्षर व आकडे उमटतात. 'सी' या अक्षराने सुरू होणारे संकेत चालकाला स्वतः निवारता येण्याजोगे असतात : सी २१ म्हणजे दव, सी २२ म्हणजे मळलेली मुद्रणशीर्षे, सी ३१ किंवा सी ३२ आल्यास कॅसेट काढावी, बॅटरी सोडवून पुन्हा जोडावी व मग यंत्र सुरू करून पाहावे. 'ई' ने सुरू होणारे संकेत, उदाहरणार्थ ई ६१ किंवा ई ६२, हे दुरुस्ती केंद्राचे काम होय. अशा वेळी बॅटरी काढण्यापूर्वी पडद्यावरील सर्व आकडे, शेवटच्या दोन अंकांसह, कागदावर उतरवून घ्यावेत व तो कागद यंत्राबरोबर पाठवावा.