मे महिन्याची सुट्टी आणि घरातले मुके जनावर

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी गावी जाण्याचे बेत सुरू होतात. रेल्वेची तिकिटे, एसटीचे आरक्षण, दूधवाल्याला निरोप, शेजाऱ्यांकडे किल्ली, सारे आधीपासून ठरलेले असते. घरातल्या कुत्र्या-मांजराचे काय करायचे हा प्रश्न मात्र बहुधा आदल्या रात्री, बॅगा भरताना आठवतो. मग ‘नेऊ या बरोबर’ किंवा ‘राहील इथेच, शेजारच्या काकू भाकरी टाकतील’ असा काहीतरी तडकाफडकी निर्णय होतो. उन्हाळ्यात हा निर्णय जनावराच्या जिवावर बेतू शकतो.

उदाहरण आपल्या भिवंडी तालुक्यातलेच घेऊ. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर नवस फेडण्यासाठी बांधलेले वज्रेश्वरीचे मंदिर आणि जवळच तानसा नदीकाठी असलेली अकलोलीची गरम पाण्याची कुंडे पाहायला सुट्टीत ठाणे-मुंबईकडून मोटारी भरभरून येतात. कुत्र्याला देवळात नेता येत नाही, कुंडावरही नेता येत नाही. मग तो मोटारीतच राहतो.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका कुटुंबाने पाच वर्षांचा पामेरियन असाच मोटारीत ठेवला होता. मोटार झाडाखाली उभी केली, खिडक्या चार बोटे उघड्या ठेवल्या आणि मंडळी अकलोलीला स्नानाला गेली. पाऊण तासाने परत आली तेव्हा सावली सरकून मोटार उन्हात आली होती. कुत्रा आडवा पडला होता, तोंडातून चिकट लाळ, हिरड्या लालभडक. अंगावर पाणी ओतल्यावर तो उठला, थोडे पाणी प्यायला, शेपूटही हलवली. सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला आणि जेवण करून घरी गेले. रात्री त्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला माझ्याकडे आणले, पण दुपारपर्यंत तो गेला. त्या घरची लहान मुलगी मला म्हणाली, ‘‘काका, खिडक्या तर उघड्या होत्या ना?’’

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. मोटारीच्या काचांतून ऊन आत येते, आतील बैठका व पत्रा तापतो आणि ती उष्णता आतच कोंडते. पहिल्या अर्ध्या तासातच आतील तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंश सेल्सिअसने चढते. म्हणजे बाहेर ३५ अंश असताना आत ५५ अंशांच्या आसपास. काच थोडी खाली केल्याने यात फारसा फरक पडत नाही.

त्यात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, आणि तोही नावापुरता. त्याचा खरा आधार म्हणजे धापा टाकणे. जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेतला की तोंडातील ओल वाळते आणि अंगातील उष्णता कमी होते. पण ओल वाळायला हवा कोरडी हवी. आपल्या कोकणपट्टीत नेमकी तिथेच अडचण आहे. हवेत दमटपणा इतका असतो की कुत्रा धापा टाकून थकतो, अंग मात्र थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हाही तापमापकावरचा आकडा विदर्भाएवढा मोठा नव्हता. ‘आमच्याकडे कुठे ४५ अंश असतात?’ असे म्हणून स्वस्थ बसू नये ते यासाठीच.

निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांना इजा होऊ लागते व रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ही इजा पुढच्या एक-दोन दिवसांत प्रकट होते. त्या पामेरियनचे हेच झाले. म्हणून कुत्रा शुद्धीवर आला, चालू लागला, तरी त्याला त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवलेच पाहिजे.

थांबता न येणारी धाप, घट्ट लाळ, लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी यांपैकी काही दिसले तर त्याला लगेच सावलीत घ्यावे. मिळेल ते गार पाणी सर्वांगावर, विशेषतः पोट, जांघा आणि पंजांवर ओतत राहावे व वर्तमानपत्राने का होईना, वारा घालावा. आधी गार करणे, मग दवाखाना गाठणे, हा क्रम चुकवू नये. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. थोड्या वेळात तो टॉवेलच गरम होतो आणि वारा अडवतो. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. घरातली तापाची गोळी तर मुळीच देऊ नये. या तापावर तिचा उपयोग नाही आणि पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे असते. अकलोलीसारख्या ठिकाणी काहीजण हौसेने कुत्र्यालाही गरम पाण्याने न्हाऊ घालतात. गरम पाण्याचे गुण माणसाच्या सांध्यांना काय असायचे ते असोत, मे महिन्यात कुत्र्याला ते घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे.

आता बेत आखण्याविषयी. निघण्याच्या किमान महिनाभर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात एक फेरी मारावी. महिना यासाठी, की रेबीजची पहिली लस टोचल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला तीन-चार आठवडे लागतात. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर ही लस देतात आणि पुढे ठरल्या वेळी पुन्हा टोचतात. गावाकडे आपला कुत्रा तिथल्या मोकाट कुत्र्यांच्या संगतीत येणार, तेव्हा ‘जाऊन आल्यावर टोचू’ हा हिशेब उलटा आहे. डिस्टेंपर व पार्व्होची लस झाली आहे का तेही पाहावे. गोचिडांचे औषध त्याच वेळी विचारून घ्यावे. मात्र कुत्र्याचे हे औषध परस्पर मांजराला लावू नये, त्यातील काही औषधांनी मांजर दगावते. लसीकरणाचे कार्ड प्रवासात जवळ ठेवावे.

कोणाला बरोबर नेऊच नये? पग, शीत्झूसारखे चपट्या नाकाचे, म्हातारे, लठ्ठ, हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असलेले कुत्रे आणि अगदी लहान पिल्ले. यांना घरीच राहू द्यावे. पामेरियनसारख्या केसाळ कुत्र्याचे केस उन्हाळा म्हणून पार भादरण्याची चूकही करू नये. ते उन्हापासून आडोसा देतात. रोज विंचरून सुटलेले केस काढले की पुरे.

मोटारीने न्यायचे तर पहाटे निघावे व ऊन चढण्याआत पोहोचावे. निघण्याआधी चार-पाच तास पोटभर खायला देऊ नये, नाहीतर वांती होते. पाणी मात्र थोडे थोडे द्यावे. दर दोन तासांनी सावलीत उतरवावे. त्याआधी आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. हाताला सोसवले नाही तर पंजालाही सोसणार नाही. डांबरी रस्त्याचे तेच दगडी पायऱ्यांचे. उतरवण्याआधी गळ्यात पट्टा आणि त्यावर फोन नंबर हवाच. अनोळखी गावात बुजून पळालेला कुत्रा सहसा परत सापडत नाही.

रेल्वेने कुत्रा नेता येतो, पण शयनयान किंवा वातानुकूलित टू टियर, थ्री टियरच्या डब्यात नाही. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात पूर्ण कूपे आपल्याकडे असेल तर नेता येतो, नाहीतर पार्सल कार्यालयात नोंदणी करून गार्डच्या डब्यातील पेटीतून. ही पेटी मे महिन्याच्या दुपारी काय तापत असेल ते वेगळे सांगायला नको. दिवसाच्या लांबच्या गाडीला तो मार्ग मी कोणालाच सुचवत नाही. एसटीत नेता येईल असे गृहीत धरू नये, आगारात आधी विचारावे.

माझे मत विचाराल तर आठवड्याभराच्या सुट्टीसाठी बहुतेक जनावरे घरीच बरी, पण घरी कोणीतरी माणूस हवा. साखळीने गच्चीवर बांधून आणि घमेलेभर पाणी ठेवून निघून जाणे म्हणजे सोय नव्हे. घमेले लवंडते, सावली सरकते. प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. दिवसातून दोनदा येणारा, कुत्र्याच्या ओळखीचा माणूस ठरवावा. त्याला आठवडाभर आधीपासून घरी बोलावून त्याच्या हातून खाऊ घालावे. दोन ठिकाणी मातीच्या भांड्यात पाणी, वीज गेली तरी वारा येईल अशी खोली, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर. पैसे देऊन कुत्रे सांभाळणाऱ्यांकडे ठेवायचे तर जागा स्वतः दुपारी जाऊन पाहावी, सकाळी नव्हे. ते आपल्याकडे लसीचे कार्ड मागत नसतील तर इतरांकडेही मागत नसणार, हे समजावे.

मांजराचा जीव माणसांपेक्षा जागेत अधिक असतो. त्याला घरीच ठेवावे. न्यावेच लागले तर झाकणाच्या हवेशीर टोपलीतून न्यावे, मांडीवर कधीच नाही.

गावी पोहोचल्यावर पहिले दोन दिवस कुत्रा चिडचिडा असतो. तिथली मुले कौतुकाने अंगावर येतात आणि चावण्याचे प्रकार नेमके तेव्हाच होतात. घरचा असो वा बाहेरचा, कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची काहीही भरू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असेच धरून चालावे लागते.

परत आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड आहेत का ते चांगल्या उजेडात पाहावे. गोचिडांमुळे येणारा ताप दोन-तीन आठवड्यांनीही डोके वर काढतो. तोपर्यंत गावची आठवणही विरलेली असते. म्हणून जूनमध्ये कुत्र्याने खाणे सोडले, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आले, तर दवाखान्यात गेल्यावर ‘मे महिन्यात गावी नेले होते’ एवढे आठवणीने सांगावे.