हातानें चालणारे रेडिओ व विजेऱ्या : निवड आणि वापर

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. वारा एका दिवसांत ओसरला. परंतु विजेचे खांब उन्मळून पडल्यामुळें श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड व दापोली या तालुक्यांतील कित्येक गांवें पुढें पुष्कळ दिवस अंधारांत राहिलीं. मोबाइलचे मनोरेही ठिकठिकाणीं बंद पडले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कृष्णा व पंचगंगा यांच्या काठीं, आणि जुलै २०२१ मध्यें महाड व चिपळूण येथेंही लोकांना असेच दिवस काढावे लागले. अशा वेळीं शेतकऱ्यास दोन गोष्टींची निकड असते. पहिली, रात्रीं गोठ्यांत जाऊन गुरांचीं दावीं सोडण्यापुरता आणि पाण्याबरोबर ओट्यावर आलेलें जनावर दिसण्यापुरता उजेड. दुसरी, धरणाचे दरवाजे उघडले कीं नाहीं, वादळ कोणीकडे वळलें, याची खात्रीची बातमी. हँडल फिरवून चालणारीं लहान यंत्रें या दोन्ही गरजा भागवूं शकतात; मात्र त्यांच्या जाहिरातींत गुणच तेवढे सांगितलेले असतात, आणि आयत्या वेळीं यंत्र मुकें राहतें तें न सांगितलेल्या दोषांमुळें.

सायकलच्या चाकाला घासून फिरणारा डायनॅमो वाचकांनीं पाहिलाच असेल. त्याची शक्ति ६ व्होल्ट, ३ वॅट इतकी असते. हातयंत्राच्या पोटांत तसाच एक धाकटा डायनॅमो बसविलेला असतो. ट्रेव्हर बेलिस या इंग्रज संशोधकानें १९९१ मध्यें जो रेडिओ योजिला, त्यांत घड्याळासारखी स्प्रिंग होती. किल्ली देऊन ठेवली म्हणजे ती उलगडतां उलगडतां वीज निर्माण करी. पुढें वजन कमी करण्यासाठीं स्प्रिंग गेली व तिच्या जागीं पुनःपुन्हां भरतां येणारा लहान सेल आला. हल्लींचीं बहुतेक यंत्रें या दुसऱ्या जातीचीं आहेत.

आतां थोडा हिशेब करूं. चांगल्या यंत्राचें हँडल एक मिनिट नेटानें फिरविल्यास फार तर १८० ज्यूल वीज निघते. त्यांतील निम्मी वाटेंत वाया जाते असें धरलें तरी उरलेल्या विजेवर बेताच्या आवाजांत रेडिओ ७-८ मिनिटें ऐकतां येईल, किंवा एक बारीक एलईडी दिवा १५ मिनिटें जळेल. बातम्या ऐकण्यास इतकें पुरे. पण याच यंत्रानें मोबाइल भरतां येतो असें जें डब्यावर छापलेलें असतें, त्यावर फारसें विसंबूं नये. हल्लींच्या मोबाइलच्या बॅटरींत १५ ते १९ वॅट-तास वीज मावते. ती ३ वॅटच्या हँडलानें भरावयाची तर नासधूस न धरतांही पांच-सहा तास दळत बसावें लागेल. अगदीं निकडीचा एखादा संदेश धाडण्यापुरती वीज मिळाली तरी पुष्कळ.

या यंत्राचें मर्मस्थान म्हणजे आंतील सेल होय. यंत्र वर्ष-दोन वर्षें फळीवर पडून राहिलें म्हणजे सेल आपोआप रिता होतो, आणि फार दिवस रिता राहिला तर पुन्हां वीज धरीनासा होतो. सेल डाक देऊन पक्का बसविलेला असल्यास सगळें यंत्रच निकामी झालें म्हणावयाचें. सबब ज्याचें झांकण स्क्रूनें उघडून सेल बदलतां येतो, आणि शिवाय दुकानांत मिळणारे साधे पेन्सिल सेल घालण्याची ज्यांत वेगळी सोय आहे, असेंच यंत्र घ्यावें, मग चार पैसे अधिक पडले तरी चालेल. पेन्सिल सेल मात्र यंत्रांत घालून ठेवूं नयेत; ते गळतात व पितळी पट्ट्या खाऊन टाकतात. ते शेजारीं कोरड्या डब्यांत ठेवावेत.

पाठीवर जो सूर्यप्रकाशाचा पट्टा असतो, तो तळहाताएवढाच. कडक उन्हांत तो सेल ताजा राखण्याच्या कामीं येतो. परंतु आपल्याकडे संकट येतें तें बहुधा आषाढ-श्रावणांत, आणि तेव्हां ऊन कोठलें?

रेडिओ निवडतांना लहरींचा विचार अगोदर करावा. एफ. एम. च्या लहरी सरळ रेषेंत जातात. मध्यें डोंगर आला कीं अडतात, म्हणून सह्याद्रीच्या कुशींतील कित्येक वाड्यांवर त्या पोहोंचत नाहींत. मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात. पण आकाशवाणीनें अलीकडे मध्यम लहरींचीं कित्येक जुनीं प्रक्षेपण-केंद्रें बंद केलीं आहेत. म्हणून दोन्ही लहरी घेणारा रेडिओ घ्यावा, आणि तो दुकानांत नव्हे तर आपल्या घरांत, पत्र्याखालीं बसून लावून पाहावा. एफ. एम. साठीं दांडी पूर्ण लांब करावी; मध्यम लहरींसाठीं दांडीचा उपयोग नाहीं, रेडिओच हळूहळू फिरवून आवाज जेथें स्पष्ट येईल तेथें ठेवावा. परदेशी बनावटीच्या कांहीं यंत्रांवर हवामानाचा एक निराळा पट्टा असतो. तो १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा असून अमेरिका व कॅनडा यांतील सरकारी हवामान-केंद्रांसाठीं आहे. आपल्याकडे त्यावर खरखरीवांचून कांहीं ऐकूं यावयाचें नाहीं. त्यासाठीं जादा दाम देऊं नये.

विजेरींत दाबावयाची, फिरवावयाची व हलवावयाची असे तीन प्रकार आहेत. दाबावयाची जुनी व काटक; दुसऱ्या महायुद्धांत हॉलंडमध्यें ती लोकांच्या फार उपयोगीं पडली. तिचें वैगुण्य एवढेंच कीं दाबण्यांत एक हात सतत गुंततो, आणि बुजलेलें जनावर धरावयास दोन्ही हात लागतात. हलवावयाच्या विजेरींत लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यांतून मागेंपुढें सरकतो. हिच्यांत लबाडी फार आढळते. कांहीं नगांत चुंबकाऐवजीं साधा लोखंडी तुकडा व लपविलेला चपटा सेल असतो. तो संपला कीं विजेरी संपली. बारीक खिळा बाहेरून लावून पाहावा. खरा चुंबक त्यास ओढतो.

घेतेवेळीं दुकानदारासमोर एक मिनिट हँडल फिरवून घड्याळ लावावें. हँडलाचा दांडा व त्याची खीळ धातूची असावी. प्लॅस्टिकची खीळ पहिल्याच पावसाळ्यांत मोडते. घरीं आणल्यावर दर अमावास्येस पांच मिनिटें हँडल फिरवून रेडिओ लावावा, म्हणजे सेल जागा राहील व घरांतील बायकामुलांसही केंद्र कोठें लागतें तें ठाऊक होईल. यंत्र कपाटांत ठेवूं नये. गोठ्याकडे जाणाऱ्या दारामागें, पुराचें पाणी चढेल त्याहून उंच खुंटीला, मेणकापडाच्या पिशवींत टांगावें, म्हणजे अंधारांत हात थेट त्यावर पडेल.